दोन तिकिटं आणि मधले चार तास

सरांच्या पिशवीत दोन प्लॅस्टिकचे फोल्डर होते. निळ्यात दिल्ली–टोरोंटोचं तिकीट, पांढऱ्यात पुणे–दिल्लीचं. निळ्यातलं लेकीने टोरोंटोहून काढून मेलवर पाठवलेलं, पांढऱ्यातलं पुतण्याने सांगलीत बसून मोबाइलवर काढलेलं. दोन्ही तिकिटांत चूक अशी काही नव्हती. नावं पासपोर्टशी जुळत होती, तारीख एकच होती, पैसे भरलेले होते. तरीही जानेवारीतल्या त्या दिवशी दुपारी दोन वाजता सर आणि काकू दिल्लीच्या टर्मिनल ३ वर दोन बॅगा घेऊन उभे होते आणि समोरचं काउंटर बंद झालेलं होतं.

माझं सांगलीत विश्रामबागला तिकीट-व्हिसाच्या कामाचं ऑफिस आहे. ही दोन्ही तिकिटं माझ्याकडची नव्हती. मला फोन आला तो सगळं झाल्यावर, २:४० ला. पुढचे काही दिवस हे प्रकरण मीच हाताळलं. सरांना विचारून, नावं आणि विमान कंपन्या वगळून ते इथे सविस्तर मांडतो आहे, कारण अशी जोड-तिकिटं, म्हणजे एकाच प्रवासाची दोन वेगळी तिकिटं, हातात घेऊन येणारी माणसं मला आता जवळजवळ दर आठवड्याला भेटतात आणि ती ज्या निश्चिंतपणे येतात, त्याची मला काळजी वाटते.

तिकिटं अशी का निघाली

सर सांगलीच्या एका हायस्कूलमधून निवृत्त झालेले. लेक टोरोंटोला, पहिलं बाळंतपण, तारीख जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली. दोघांचा कॅनडाचा सुपर व्हिसा, म्हणजे तिथे राहणाऱ्या मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठीचा व्हिसा, झालेला. लेकीने तिकडून पाहिलं तेव्हा दिल्लीहून टोरोंटोला थेट जाणारं विमान चांगल्या भावात मिळत होतं. तिने दोघांचं जाण्या-येण्याचं तिकीट काढलं आणि बाबांना कळवलं, “दिल्लीपर्यंतचं तुम्ही बघा.”

“दिल्लीपर्यंतचं तुम्ही बघा” या वाक्यात पुढचं सगळं आलेलं आहे.

सांगलीला चालू विमानतळ नाही. कवलापूरच्या धावपट्टीची चर्चा आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. जवळचं म्हणाल तर कोल्हापूरचं उजळाईवाडी, पण तिथून विमानं मोजकी. म्हणून दिल्ली गाठायची तर पुणं. पुण्याहून दिल्लीला दिवसभर विमानं असतात. पुतण्याने सकाळी ६:१० चं निवडलं. ते ८:२५ ला दिल्लीत, आणि टोरोंटोचं विमान दुपारी २:१५ ला. मध्ये ५ तास ५० मिनिटं. पुतण्याने विचार करून घेतलेला निर्णय होता तो, आणि चांगला होता. या प्रकरणात त्याला बोल लावणारे नातेवाईक पुष्कळ निघाले. मी त्यांच्यात नाही.

एकच तिकीट, म्हणजे पुणे–दिल्ली–टोरोंटो असं सलग, घेतलं असतं तर त्याच आंतरराष्ट्रीय कंपनीचं दोघांना मिळून साधारण १४,००० रुपये जास्त पडत होतं. लेकीने ते पाहिलंही होतं. दोन तासांच्या विमानाला एवढे जादा कशाला, असं तिला वाटलं. कुणालाही वाटेल.

तीन आठवडे आधी आलेला मेल

डिसेंबरच्या अखेरीस पुतण्याच्या मेलवर देशांतर्गत कंपनीचा निरोप आला. विमानाची वेळ बदलली आहे. ६:१० ऐवजी ८:०५ ला सुटेल, १०:२० ला पोचेल. खाली दोन बटणं होती: बदल मान्य करा, किंवा दुसरं विमान निवडा अथवा पूर्ण पैसे परत घ्या. दोन्ही पर्याय फुकट.

घरात सगळ्यांना आनंद झाला. ६:१० च्या विमानासाठी रात्री साडेदहा-अकराला सांगली सोडावी लागणार होती. आता एक वाजता निघालं तरी चालणार. काकूंना गुडघ्यांचा त्रास, तेवढीच दोन तास पाठ टेकायला मिळेल. पुतण्याने ‘मान्य’ दाबलं. लेकीला कुणी कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही घडलं आहे असं कुणाला वाटलंच नाही.

माझ्या मते हे प्रकरण दिल्लीत बिघडलं नाही, या मेलपाशी बिघडलं. तो एक दिवस असा होता की एक पैसाही न घालवता सगळं सावरता आलं असतं. सलग तिकीट असतं तर हेच काम कंपनीच्या संगणकाने केलं असतं. प्रत्येक विमानतळावर एका विमानातून दुसऱ्यात जायला किमान किती वेळ लागतो, याचे ठरवलेले आकडे आरक्षण प्रणालीत असतात, टर्मिनल बदलायचं असेल तर त्याचे वेगळे. वेळापत्रक हललं आणि मधला वेळ त्या किमान आकड्याखाली गेला, की तिकीट आपोआप अडतं आणि प्रवाशाला दुसरं विमान देणं कंपनीला भाग पडतं. इथे दोन कंपन्यांच्या दोन संगणकांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पुण्याचं विमान दोन तास उशिरा करणाऱ्याला हे प्रवासी पुढे टोरोंटोला जाणार आहेत हे माहीत नव्हतं, आणि टोरोंटोवाल्याच्या लेखी हे दोघे दिल्लीचे रहिवासी असल्यासारखेच होते.

आता हिशेब करू. नव्या वेळेप्रमाणे १०:२० ते २:१५, म्हणजे ३ तास ५५ मिनिटं. ऐकायला भरपूर वाटतात. पण आंतरराष्ट्रीय विमानाचं काउंटर सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतं. या विमानाचं १:१५ ला. म्हणजे उरले २ तास ५५ मिनिटं. त्यातून विमान टेकल्यावर जागेवर लागून बाहेर पडायला २० मिनिटं, पट्ट्यावर बॅगा यायला ३०, टर्मिनल १ मधून निघून बसने टर्मिनल ३ ला पोचायला ४०, दारावर तिकीट-ओळखपत्र दाखवून आत शिरून रांगेत पुढे सरकायला २०. झाले १ तास ५० मिनिटं. हातात राहिला १ तास ५ मिनिटं, तोही सगळं वेळेवर झालं तर. दोघे साठीच्या पुढचे, काकू हळू चालणाऱ्या, दिल्ली विमानतळ आयुष्यात पहिल्यांदा बघणारे. आणि महिना जानेवारी.

त्या दिवशी

रात्री एकला गाडी निघाली. आष्टा, पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकीचा बोगदा, पावणेसहाला पुण्याच्या लोहगाव विमानतळावर. रस्त्याने प्रवास कसा करायचा हे आमच्या माणसांना कळतं. चाक पंक्चर होईल, आनेवाडीला टोलवर रांग असेल, कात्रजला अडकू, असं सगळं धरूनच आम्ही निघतो. पूर्वी मुंबईच्या सहार विमानतळावर कुणाला सोडायला जायचं तर अख्खं घर गाडी करून सहा-सहा तास आधी पोचायचं, आणि त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही. विमानाच्या तिकिटावर छापलेली वेळ मात्र आम्ही दगडावरची रेघ मानतो. सरांनी पुण्यापर्यंतच्या रस्त्यासाठी सव्वादोन तास हातचे ठेवले होते आणि दिल्लीसाठी तासभर.

पहिला फटका काउंटरवर बसला. टोरोंटोच्या तिकिटावर प्रत्येकी २३ किलोची एक बॅग चालत होती, म्हणून दोन बॅगा मिळून ४६ किलो भरलेल्या. पुणे–दिल्लीच्या तिकिटावर प्रत्येकी १५ किलोच. सलग तिकिटावर आंतरराष्ट्रीय वजनाची सवलत घरापासून लागू होते. वेगळ्या तिकिटावर देशांतर्गत कंपनी तिचे स्वतःचे १५ किलो धरते. १६ किलो जादा. काकूंनी तिथेच फरशीवर बॅग उघडली. वर दुपटी आणि टोपडी, खाली जुन्या नऊवारीची गोधडी, तिच्याखाली डिंकाच्या लाडवांचे दोन डबे, मधे मधे स्वेटर कोंबलेले. काय काढणार? गोधडी हातात घेऊन त्या थोडा वेळ तशाच बसल्या, मग घडी घालून परत ठेवली. सरांनी पैसे भरले, जवळजवळ ९,००० रुपये.

बाहेर पुण्यात स्वच्छ उजाडलं होतं. फलकावर मात्र ७:२० ला वेळ बदलली: ९:१५. पुण्यात ऊन आणि विमानाला उशीर का, हे सरांना कळेना. पण ८:०५ ला जे विमान पुण्याहून सुटायचं तेच पहाटे दिल्लीहून यायचं असतं. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं धुकं इतकं दाट असतं की विमानं उतरवायला आणि उडवायला खास यंत्रणा आणि तसं प्रशिक्षण घेतलेले वैमानिक लागतात. ते सगळं असलं तरी दर तासाला सुटणाऱ्या विमानांची संख्या घटते आणि रांग लागते. ते विमान तिथेच अडकलं होतं.

८:४५ ला पुन्हा वेळ बदलली: १०:००. उशीर असाच तुकड्यातुकड्याने वाढतो आणि प्रत्येक तुकडा सोसण्याइतकाच वाटतो. पण ८:४५ ला कागद-पेन घेऊन बसलं असतं तर चित्र उघड होतं. १०:०० ला सुटलं तर १२:१५ ला दिल्ली, त्यात १ तास ५० मिनिटं मिळवली की २:०५. काउंटर १:१५ ला बंद. म्हणजे विमान हुकणार हे ८:४५ लाच ठरलेलं होतं. त्या घडीला टोरोंटोत आदल्या रात्रीचे सव्वादहा वाजले होते. लेक जागी होती. तिकीट तिच्या नावाच्या खात्यातून काढलेलं, बदलायचं तर तीच बदलू शकत होती. विमान सुटायला अजून साडेपाच तास होते. बदलाचा दंड आणि भाड्यातला फरक भरून पुढच्या दिवसाचं विमान मिळालं असतं आणि परतीचं तिकीट शाबूत राहिलं असतं.

सरांनी फोन हातात घेतला होता. काकू म्हणाल्या, “नको, दिवस भरत आलेत तिचे. उगाच रात्रभर जागत बसेल. पोचू आपण.”

यावर मी काय बोलणार? कुठल्याही आईने हेच म्हटलं असतं. पण मी आता प्रत्येक प्रवाशाला निघण्याआधी बजावतो की उशिराची पहिली घोषणा झाली की पहिला फोन पुढच्या तिकिटाच्या कंपनीला करायचा किंवा ज्याने ते काढलं त्याला, मग तिथे कितीही वाजलेले असोत.

विमान १०:२५ ला सुटलं, १२:४० ला टेकलं. बॅगा १:२५ ला हाती आल्या. मधल्या वेळात सर बॅगेच्या पट्ट्याजवळ देशांतर्गत कंपनीच्या मुलीला टोरोंटोचं तिकीट दाखवून विनवत होते की पुढे फोन करून विमान थांबवायला सांगा. तिने दोन्ही कागद पाहिले आणि शांतपणे सांगितलं, “सर, ये टिकट हमारा नहीं है.” ते खरंच होतं. टर्मिनल ३ च्या आत पोचेपर्यंत दोन वाजले.

“एसटी चुकली तर पुढची गाडी मिळते, एवढंच आम्हाला माहीत,” सर मला नंतर म्हणाले. काउंटरवर त्यांनी तेच विचारलं होतं, पुढची गाडी कधीची. उत्तर मिळालं की पुढचं विमान उद्या आहे, पण तुमचं तिकीट आता संपलं. टोरोंटोत तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते, आणि तो फोन शेवटी करावाच लागला.

नो-शो म्हणजे नेमकं काय झालं

लेकीने काढलेल्या तिकिटाला दोन कूपनं होती, दिल्ली ते टोरोंटो आणि टोरोंटो ते दिल्ली. बहुतेक कंपन्यांची अट असते की कूपनं क्रमाने वापरायची. पहिलं न वापरता विमान निघून गेलं की प्रवासी ‘नो-शो’ धरला जातो आणि पुढची सगळी कूपनं रद्द होतात. म्हणून जूनमधली परतही गेली. मला फोन येईपर्यंत विमान सुटून गेलेलं होतं. काउंटर बंद होण्याच्या पुरेसं आधी कुणी तिकीट बदलायला सांगितलं असतं, तर माझ्या हातात काहीतरी आलं असतं.

मी विनंतीचा मेल लिहिला, धुक्यामुळे झालेल्या उशिराचं पत्र देशांतर्गत कंपनीकडून मिळवून जोडलं. भाडं परत मिळालं नाही. न वापरलेल्या तिकिटावरचे कर आणि विमानतळ शुल्क तेवढे मिळाले, दोघांचे मिळून २१,००० च्या आसपास, तेही अकरा आठवड्यांनी. हे कर परत मागायचे असतात हे पुष्कळांना माहीत नसतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, परताव्याच्या नियमात प्रवासी नो-शो झाला तरी ते परत द्यावेत असं म्हटलेलं आहे. मागा.

तिसऱ्या दिवसाची दोघांची एकेरी तिकिटं १,५६,००० रुपयांना काढली. दिल्ली विमानतळाजवळ महिपालपूरच्या हॉटेलात दोन रात्री. सुपर व्हिसासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो, तो घेतलेला होता. सरांना वाटत होतं की हे नुकसान त्या विम्यात बसेल. तो विमा दवाखान्याचा. हुकलेल्या विमानाशी त्याचा संबंध नाही. त्याची सुरुवातीची तारीख तेवढी पुढे ढकलून घेतली. प्रवास विम्यात ‘मिस्ड कनेक्शन’ हे वेगळं कलम असतं. ते घेतलं तरी आधी अटी वाचाव्या लागतात, कारण पुष्कळ पॉलिसी दोन विमानांत किमान अमुक तास असतील तरच पैसे देतात, आणि काही तर स्वतः जोडलेली वेगळी तिकिटं सरळ वगळतात.

भरपाई का नाही

सरांच्या एका विद्यार्थ्याने, तो आता वकील आहे, ग्राहक आयोगात जायचं सुचवलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे सांगलीतच. आम्ही तिघे ऑफिसात बसून नियम वाचत गेलो.

उशीर, रद्द होणं आणि जागा नाकारणं यांवर डीजीसीएचा एक नियम आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर प्रवाशांना खाणं-पिणं द्यायचं. ते मिळालं होतं. सकाळी नऊला दोघांना उपमा आणि चहा. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. आणि पुढचं विमान हुकलं तर? त्या भरपाईच्या कलमात ‘एकाच तिकीट क्रमांकावर’ काढलेलं जोडविमान असे शब्द आहेत. वकिलाने ते वाचलं आणि वही मिटली. शिवाय त्याच नियमात हवामान आणि हवाई वाहतूक नियंत्रणामुळे झालेल्या उशिराला भरपाईतून सूट आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९९९ चा मॉन्ट्रियल करार आहे, भारत त्यात २००९ साली आला. उशिरामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी त्यात कंपनीवर येते, आणि अनेक कंपन्यांनी मिळून केलेली वाहतूकही एकच धरली जाते. पण ती दोन्ही बाजूंनी एकच व्यवहार मानलेली असेल तेव्हा. आपण मनात एकच प्रवास धरला म्हणून तो एक व्यवहार होत नाही.

वकिलाने सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा एक निकाल काढला होता. एका कुटुंबाची रेल्वे चार तास उशिरा जम्मूला पोचली, त्यांचं श्रीनगरचं विमान हुकलं, आणि रेल्वेला भरपाई द्यावी लागली. तिकिटं तर तिथेही वेगळीच होती. मग इथे का नाही? तो निकाल मी नीट समजावून घेतला. रेल्वे हरली कारण उशीर का झाला याचं कसलंही कारण ती न्यायालयापुढे मांडू शकली नाही. आमच्या कंपनीकडे त्या दिवशीच्या धुक्याची नोंद होती. तांत्रिक बिघाडाने किंवा कर्मचारी न आल्याने उशीर झाला असता तर मी सरांना लढा म्हटलं असतं. धुक्यावर लढून सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला तारखांना हेलपाटे घालायला लावणं मला पटलं नाही, वकिलालाही नाही.

तिकीट एक की दोन, हे कसं ओळखायचं

या प्रकरणानंतर मी गिऱ्हाइकाच्या हातातला कागद घेऊन आधी एक आकडा शोधतो. ई-तिकिटाचा क्रमांक १३ अंकी असतो आणि पहिले तीन अंक कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, कतार एअरवेजचे १५७. सगळे टप्पे एकाच क्रमांकाखाली असतील तर विमानं वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी करार एक. दोन टप्प्यांवर दोन वेगळे क्रमांक, किंवा एकावर १३ अंकी आणि दुसऱ्यावर नुसताच सहा अक्षरांचा पीएनआर, असं दिसलं की सावध व्हायचं आणि कंपनीला विचारायचं.

नुसत्या पीएनआरवर विसंबू नका. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांचा स्वतःचा एक बुकिंग क्रमांक असतो, त्याच्या पोटात दोन कंपन्यांची दोन तिकिटं लपलेली असू शकतात. पैसे एकदाच भरलेले, कागद एकच आलेला, म्हणून माणूस एकच तिकीट समजतो. कुठेतरी बारीक अक्षरात ‘सेल्फ ट्रान्सफर’, म्हणजे पुढचं विमान तुमचं तुम्ही गाठायचं, असं लिहिलेलं असतं. काही संकेतस्थळं त्यावर हमी देतात, पण ती हमी संकेतस्थळाची असते, विमान कंपनीची नव्हे. रात्री दोन वाजता काउंटरवरचा माणूस तिच्याकडे बघणारही नाही. हे शब्द ठळक अक्षरात, मराठी-हिंदीत, पैसे भरायच्या बटणाच्या वरच छापायची सक्ती झाली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. लाडवाच्या डब्याच्या वजनाचे पैसे ज्या तत्परतेने घेतले जातात, त्याच तत्परतेने हे सांगितलं जावं.

परदेशात विमान बदलायचं असेल तर गोष्ट आणखी अवघड होते. दुबईपर्यंत एक आणि पुढे दुसरं असं तिकीट असलं, की बॅग दुबईला पट्ट्यावर येते. ती घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, म्हणजे तिथला प्रवेशाचा व्हिसा लागतो. पुष्कळदा प्रवासी तिथपर्यंत पोचतच नाही. मुंबईच्या काउंटरवरच ‘तुमचं तिकीट दुबईपर्यंतचं, दुबईचा व्हिसा दाखवा’ म्हणून अडवतात. मिरजेहून नर्सिंगच्या नोकरीसाठी निघालेल्या मुलींना मी हे हात जोडून सांगतो.

वेगळी तिकिटं घेऊच नयेत असं मी म्हणत नाही. मीही काढून देतो. हातातल्या बॅगेवर जाणारा एकटा तरुण, पुढे दर दोन तासाला विमान असलेला देशांतर्गत मार्ग, हुकलं तर चार हजारांचं नवं तिकीट. तिथे काय हरकत आहे? मी एकच विचारतो: दुसरं विमान हुकलं तर त्याचं तिकीट त्याच दिवशीच्या भावाने पुन्हा काढायची तयारी आहे का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर सलग तिकीट, आणि तेही जमत नसेल तर मध्ये एक रात्र. सरांना आदल्या दिवशी दुपारच्या विमानाने दिल्लीला नेऊन झोपवलं असतं तर हॉटेलचे तीन-साडेतीन हजार गेले असते. किंवा सांगलीहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, दिवसभर नातलगांकडे आराम, आणि रात्रीचं थेट मुंबईहून निघणारं विमान. गाडीलाही उशीर होतो, पण तिथे अख्खा दिवस हातात राहतो.

परतीचा प्रवास

सर-काकू दोन दिवस उशिरा पोचले. नात त्यानंतर चार दिवसांनी झाली. जूनमध्ये परत येताना लेकीने मला फोन केला आणि टोरोंटो–दिल्ली–पुणे असं सलग तिकीट काढायला सांगितलं. काढल्यावर मी दोघांच्या तिकिटांवर बोट ठेवून पाहिलं: प्रत्येकाच्या एकाच १३ अंकी क्रमांकाखाली दोन्ही टप्पे, बॅगेची मर्यादा पुण्यापर्यंत २३ किलो.

दिल्लीत ते विमान दोन तास उशिरा उतरलं. इमिग्रेशनची रांग, मग बॅगा घेऊन कस्टममधून बाहेर, आणि त्याच कंपनीच्या जोडविमानाच्या काउंटरवर बॅगा परत देईपर्यंत पुण्याचं संध्याकाळचं विमान निघून गेलं होतं. सरांनी तिथूनच मला फोन लावला, आवाज पार उतरलेला. मी म्हटलं, “सर, समोरच्या माणसाला फक्त तिकीट दाखवा.” फोन चालूच होता. मला पलीकडून टाइप केल्याचा आवाज ऐकू येत होता, मग छपाईचा. त्याने रात्री साडेदहाच्या विमानाचे दोन बोर्डिंग पास काढून दिले आणि जेवणाची कुपनं वर ठेवली. पैशांचा विषय निघाला नाही.

पुतण्या लोहगावला रात्री नऊपासून गाडी घेऊन थांबला होता. त्याला मी कळवलं, एक वाजेल, तोवर गाडीतच झोप काढ.